कातळशेतचा घासधोंडा

त्या मामाचं नाव काय होतं? लहानपणापासून मी हे विचारत आलो. देवळात विचारलं, पालखीच्या भोयांना विचारलं, माझ्या अक्काला तर किती वेळा विचारलं असेल. गोष्टीतल्या शेळीचा रंगसुद्धा गावात सगळ्यांना ठाऊक आहे, ती तांबडी होती. मामाचं नाव मात्र आजवर कोणी सांगितलेलं नाही.

तुम्ही आता ज्याच्यावर पिशवी ठेवलीत ना, तोच घासधोंडा. असू दे, उचलू नका. देवी एवढ्यातेवढ्याला रागावत नाही, गावची पोरं तर याच्यावर बसून करवंदं खातात. शिमग्यात सोमजाईची पालखी देवळातून निघते आणि घरोघर नाचत जाते. या धोंड्यापाशी आली की ती याच्यावर टेकवतात. ढोल थांबतात. वर्षभरात गावात जेवढी बाळं जन्मली त्यांचं उष्टावण इथे होतं, म्हणजे दुधावरच्या पोराला पहिला भाताचा घास देतात. तो द्यायचा मामाने. शेवटच्या पोराने घास गिळेपर्यंत पालखी उचलायची नाही. पोरगं तोंड मिटून बसलं तर देवी बसते वाट बघत. भोई घाम पुसतात, बायका टाळ्या वाजवतात, माकडासारखे चाळे करतात. आमच्या गावात उष्टावण घरी कोणी करत नाही. का, ते आमचे जुने लोक सांगायचे. आता मी सांगतो. मी सातवीत शाळा सोडली, तेव्हा जसं ऐकलं तसंच सांगेन.

फार पूर्वी इथे रावजी गुरव राहायचा. देवीची पूजा त्याच्याकडे. माणूस सरळ, पण सोवळ्याओवळ्याचा कडक. देवळात नैवेद्य गेल्याशिवाय त्याच्या घरात कोणी अन्नाला हात लावायचा नाही. त्याची बायको सगुणा खाडीपलीकडची. तिला आवडी नावाची सात वर्षांची मुलगी, तिच्या पाठचा धाकू, आणि आषाढात झालेला विसू. श्रावणात सगुणाला ताप भरला आणि ती गेली, असं सांगतात. विसू तेव्हा महिन्याचाही नव्हता.

तेराव्याला तिचा धाकटा भाऊ आला. होडी वल्हवणारा पोरगा, लग्न झालेलं नाही, डोकं गरम. दुसऱ्या दिवशी परत जायचं म्हणून त्याने एकच धोतर आणलं होतं. निघताना धाकू त्याच्या पायाला मिठी मारून बसला. मामाने त्याला दोनदा सोडवलं. तिसऱ्यांदा सोडवायचं सोडून त्याने होडीवाल्याला हाक मारली, "जा रे तू! मी उद्या येतो." तो उद्या फार वर्षांनी उगवला.

त्याला स्वयंपाक येत नव्हता. भात एकदा करपायचा, एकदा त्याची पेज व्हायची. नैवेद्याला उशीर, म्हणजे पोरांना उशीर. धाकू केळीच्या पानाकडे बघत आवंढे गिळायचा आणि मामा चुलीला शिव्या द्यायचा. चार दिवस बघून आवडीच त्याला म्हणाली, "मामा, आई दोन चुली पेटवायची. पुढची देवीची. मागची, परसातली, आमची."

"आणि बाबांना चालायचं?"

"बाबांना कुठे ठाऊक? देवीला ठाऊक होतं. पण आई म्हणायची, ती कोणाला सांगत नाही."

मामा हसून हसून खाली बसला म्हणे. बहीण गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. त्या दिवसापासून परसातली चूल पुन्हा पेटू लागली.

मग घर हळूहळू मार्गी लागलं. तिन्हीसांजेला मामा पोरांना दिव्यापुढे बसवायचा. त्याला शुभंकरोति अर्धीच यायची, पुढे तो वल्हवताना म्हणायची गाणी लावायचा. आवडी त्याच्या पाठीत गुद्दा घालायची. "मामा, देवापुढे मासळीचं गाणं म्हणतात काय?" "देवी काय भात कोरडाच खाते?" असं तो विचारायचा. धाकूने एकदा देवघरातली घंटा पळवून शेळीच्या गळ्यात बांधली. सकाळी रावजी पूजेला बसला तर घंटेचा आवाज परसातून येत होता. मामाने पोराला मार खाऊ दिला नाही, स्वतः पुढे झाला. पण ती घंटा घासताना त्यानेच धाकूचा कान असा पिळला की धाकू पुन्हा देवघराच्या वाटेला गेला नाही. गावच्या बायका पाणवठ्यावर चेष्टा करायच्या, "काय मामा, वेणी घालायला शिकलास का?" तो म्हणायचा, "शिकलो. तुझी घालू?"

असं सगळं बरं चाललं होतं. काळजी होती ती विसूची. तो तांबड्या शेळीच्या दुधावर वाढला होता. फाल्गुन लागला, ऊन चढलं, चारा संपला आणि शेळी आटली. सकाळचं वाटीभर दूध अर्ध्यावर आलं. गावात दुसरं दुभतं जनावर नव्हतं. विसू आठ महिन्यांचा झाला होता, त्याला भात हवा होता. दुसऱ्याचं ताट दिसलं की तो हात पसरून ओरडायचा. पण उष्टावण झाल्याशिवाय पोराच्या तोंडाला अन्न लावायचं नाही, हा रिवाज. आणि घरात वर्षश्राद्ध होईपर्यंत शुभकार्य करायचं नाही, हाही रिवाज. श्रावण तर अजून पाच महिने लांब.

मामाने रावजीला विचारलं. रावजी म्हणाला, "मी गुरव आहे. मीच रिवाज मोडला तर गाव काय करेल?"

"गाव करेल ते करेल. पोराचं काय?"

"देवी बघून घेईल."

गरम डोक्याचा माणूस, त्याने परसातल्या चुलीवर भात शिजवला आणि विसूला मांडीवर घेतलं. पण आवडी रडायला लागली. "नको मामा, बाळाला पाप लागेल." स्वतःला लागणाऱ्या पापाची त्याला भीती नव्हती. बाळाला लागेल म्हटल्यावर त्याचा हात थांबला. भात तसाच राहिला. विसू त्याच्याकडे बघून रडत राहिला.

दोन दिवसांनी शिमग्याची पालखी निघाली. दुखवट्याच्या घरी पालखी थांबत नाही. रावजी आरती घेऊन पालखीपुढे चालत होता. स्वतःच्या घरासमोरून जाताना त्याने मान खाली घातली आणि पावलं उचलली. तेवढ्यात मामा घरातून निघाला. काखेत विसू, हातात भाताची वाटी, मागे आवडी आणि धाकू. तो वाटेत आला आणि पालखीच्या पुढे मांडी घालून बसला.

"ए मेल्या, ऊठ!" भोई ओरडले. "दुखवट्याच्या घरातला तू, देवीच्या वाटेत बसतोस?"

"देवी म्हणाली तर उठेन. बहीण तिची सेवा करत मेली. तिच्या पोराचं उष्टावण आता तिच्यासमोरच होईल. नाहीतर जा आमच्या अंगावरून."

दोघातिघांनी त्याला ओढलं. तो हलला नाही. तेव्हा पालखीच जड झाली, असं सांगतात. भोयांचे गुडघे वाकले. एकाने खांदा बदलला, दोन जास्तीचे लागले, तरी पालखी पुढे जाईना, मागेही येईना. शेवटी अगदी लगत, वाटेच्या कडेला हा धोंडा होता, त्याच्यावर ती टेकवावी लागली. ढोल आपोआप थांबले.

आता कौल लावायचा तो गुरवानेच. रावजीने आरती खाली ठेवली. देवीच्या मुखवट्याला दोन बाजूंना दोन कळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "आई, तुझ्या लेकराचं काही चुकलं असेल तर डावी दे. या पोराला घास द्यायचा असेल तर उजवी दे." आवडीने धाकूचा हात घट्ट धरला होता. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. उजवी कळी सुटली आणि देवीच्या पदरात पडली.

मामाने घास भरवला. विसूने तो थुंकून टाकला, थेट बापाच्या सोवळ्यावर.

आधी धाकू हसला. मग एक भोई हसला. मग सगळा गाव हसायला लागला. आणि रावजी, जो सगुणा गेल्यापासून त्या पोराला जवळ घेत नव्हता, तो खाली बसला आणि विसूचं तोंड आपल्या उपरण्याने पुसून म्हणाला, "दे रे, परत दे. मऊ करून दे." दुसरा घास विसूने गिळला. वाटी संपेपर्यंत तो थांबला नाही. मग भोयांनी पालखी उचलली, तर ती फुलासारखी हलकी.

आजही पालखी इथे टेकते. आजही दुखवट्याचं घर असलं तर त्या घरचं बाळ आधी आणतात, बाकीची मागून. यंदा पहिला मान माझ्या अक्काच्या पोरीचा होता. अक्का भाद्रपदात गेली. पोरगी माझ्या मांडीवर होती. तिने चांगला खाल्ला घास, थुंकला नाही. मला जास्त सांगता येत नाही.

गोष्टीतला मामा विसूचं लग्न होईपर्यंत इथे राहिला. घरात सून आली. आवडी सासरहून आपली दोन पोरं घेऊन आली होती, धाकूने नवीन होडी बांधली होती. सगळे नव्या जोडप्याला घेऊन देवीच्या पाया पडायला गेले. मामा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. निरोप घ्यायचा म्हटलं की रडारड होते, ती त्याला जमायची नाही. त्याने चूल पेटवली, सगळ्यांना पुरेल एवढा मऊ भात शिजवला, निखारे राखेने झाकले. मांजराने पाडू नये म्हणून भांड्याच्या झाकणावर वरवंटा ठेवला, आणि भरतीच्या पाण्यावर तो निघून गेला.