बाळंतविड्याचा विमा

हुलगेवाडीत एक भोळा माणूस राहायचा, नाव शिदू. भोळा म्हणजे किती भोळा, तर कुणी "जरा थांब, आलोच" म्हणालं की हा तिथंच उभा. तो माणूस विसरून घरी जाऊन जेवून झोपला तरी शिदू उभाच. सांगितलेलं ऐकायचं, हा त्याचा गुण होता. सांगितलं तेवढंच ऐकायचं, हाही त्याचाच.

एकदा वैतागून बायको, कमळा, म्हणाली होती की मी सांगते ते जरा गाठ मारून ठेवत जावा. तेव्हापासून काही नवं कळलं की शिदू खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारायचा. खरोखरची, दातानं आवळून.

तर कमळाच्या धाकट्या बहिणीला, शालनला, मूल होईना होईना म्हणता मुलगा झाला. शालनचं सासर तिकडं लांब, अकोल्याला. बारशाचं बोलावणं आलं. आई असती तर बाळंतविडा तिनं नेला असता, पण आई गेल्या वर्षी गेली. आता शालनचं माहेर म्हणजे कमळाच. तिनं आईच्या जुन्या, मऊ पडलेल्या लुगड्याचं दुपटं शिवलं. शिवताना डोळे पुसत होती नि टाके घालत होती. मग झबली, टोपडी, चांदीचे वाळे, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत भरलं. डिंकाचे लाडू वेगळ्या पिशवीत.

ट्रंक पोचवणं सोपं होतं. तिला खरी धास्ती होती ती शिदूला पोचवायची. शालनची नणंद कुसुमताई म्हणजे शाळेतली मोठी बाई. तिच्यासमोर पुरुषमाणसंसुद्धा पाय जवळ घेऊन बसायची. लग्नात शिदूनं काहीतरी घोळ घातला तेव्हा ती हसलीही नव्हती, नुसती बघत राहिली होती. कमळाला ते बघणं अजून टोचत होतं. या खेपेला तरी नवऱ्याला कुणी हसू नये, एवढंच तिनं देवाकडं मागितलं.

तालुक्याला बसची तिकिटं नि विमे काढून देणाऱ्या गुळवणीसाहेबांकडं त्यांनी तिकीट काढलं. साहेब म्हणाले, सामानाचाही विमा उतरवा. हरवलं, चोरीला गेलं, मोडलं, तरी भरपाई मिळेल. कमळानं दुपट्याचा विचार केला नि लगेच हो म्हणाली. मग साहेबांनी शिदूला समजावलं की विमा असला तरी आपलं सामान आपण नजरेआड होऊ द्यायचं नाही.

शिदूनं गाठ मारली.

स्टँडवर कमळा पाणी आणायला गेली. शिदू ट्रंकेसमोर उकिडवा बसला नि तिच्याकडं टक लावून बघू लागला. एक माणूस आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, ट्रंक उचलली नि चालू लागला. शिदूही उठला नि मागोमाग चालू लागला. ट्रंक नजरेआड होऊ द्यायची नव्हती ना. तो माणूस भराभर चालला तर शिदूही भराभर. बिचाऱ्याला ओझं पेलेना, तेव्हा शिदूनं एक कडी धरली. कमळा पाणी घेऊन आली तर फाटकापाशी आपला नवरा नि एक परका माणूस ट्रंक दोन्हीकडून धरून बाहेर निघालेले. ती ओरडली तसा तो माणूस ट्रंक टाकून पळाला.

"एक घटकाभरसुद्धा नजरेआड होऊ दिली नाही," शिदू म्हणाला.

कमळानं कपाळावर हात मारला. तिनं सांगितलं, अवो, चोराकडं बघत बसायचं नसतंय. आपल्या सामानाला कुणी हात लावला की त्याला गच्च धरायचं नि चोर चोर म्हणून बोंब ठोकायची.

शिदूनं दुसरी गाठ मारली.

बस आली. क्लीनर खाली उतरला नि डिकीत टाकायला त्यानं ट्रंकेला हात घातला. शिदूनं त्याला मागून मिठीच घातली नि अशी बोंब ठोकली की स्टँडवरची कबुतरं उडाली. माणसं धावून आली. क्लीनरला कळेना आपण काय केलं. ड्रायव्हर खाली आला, कमळानं हात जोडले, तेव्हा कुठं मिठी सुटली. क्लीनरनं शर्ट नीट केला, ट्रंक आत ठेवली नि एक पितळी बिल्ला शिदूच्या हातावर आपटला.

बसमध्ये कमळानं आवाज चढू न देता समजावलं. जो बिल्ला देतो तो चोर नसतोय. त्याच्याकडं सामान बिनघोर द्यायचं, आपण बिल्ला जपायचा. ज्याच्याकडं बिल्ला नाही, त्याच्यावर मात्र भरवसा ठेवायचा नाही.

"मग हे आधी नाही का सांगायचं," शिदू म्हणाला नि त्यानं तिसरी गाठ मारली.

वाटेत बस एका धाब्यावर थांबली. कमळाला डुलकी लागली होती. शिदू लाडवांची पिशवी घेऊन चहा प्यायला उतरला. गल्ल्यावरच्या शेटनं पैसे घेतले नि चहासाठी बिल्ला दिला. शिदूनं बिल्ला बघितला, शेटकडं बघितलं, नि पिशवी गल्ल्यावर ठेवली. बिनघोर. शेटला वाटलं, पाहुण्याच्या घरी काही आनंदाची बातमी दिसते. त्यानं "अरे वा" म्हणून एक लाडू खाल्ला, बाकीचे आल्यागेल्याला वाटले. शिदूलाही एक मिळाला. त्याला तो ओळखीचा लागला, पण त्यानं विचारलं नाही. बस सुरू झाल्यावर कमळानं पिशवी विचारली तर यानं ऐटीत बिल्ला काढून दाखवला.

मग तिनं गुळवणीसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, वाटून खाल्लेल्या लाडवांची भरपाई विम्यात बसत नाही. फोन शिदूकडं द्या. शिदूला त्यांनी बजावलं की इथून पुढं सामान मोडो, फुटो, नाहीतर बदलून दुसरंच हातात येवो, जे उरलं असेल ते टाकायचं नाही. तो पुरावा. तो तसाच उचलायचा नि वेळ न घालवता पोलीस ठाण्यात नोंद करायची.

चौथी गाठ जरा मोठी झाली, कारण साहेब बरंच बोलले होते.

अकोल्याला दारात शालनच्या सासूनं भाकरतुकडा ओवाळला नि बाजूला टाकला. शिदूनं ते बघितलं. टाकायचं नाही, हे त्याला पाठ होतं. त्यानं तुकडा उचलून खिशात घातला. सासू बघतच राहिली. दारातलं कुत्रं त्या दिवसापुरतं शिदूचंच झालं. कुसुमताई ओट्यावर उभी होती. ती हसली नाही. नुसती बघत राहिली.

कमळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की आता बारसं होईपर्यंत काही म्हणजे काही करू नका. शिदूनं मान डोलावली. गाठ मात्र मारली नाही, कारण तेही काहीतरी करणंच झालं असतं.

आता बारशात बायका काय करतात, हे शिदूला ठाऊकच नव्हतं. तो आजवर बारशाला जायचा तो ओसरीवर बसून घुगऱ्या खायला. बायका पाळण्यात मुलाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला अंगडं-टोपडं चढवतात, पाळण्याच्या खालून-वरून देतात-घेतात. मूल दगडासारखं टणक व्हावं म्हणून. कमळानंही तेच केलं. वरवंट्याला टोपडं घातलं, आईच्या दुपट्यात गुंडाळला, नि हातात हळदकुंकवाचं ताट होतं म्हणून दारातल्या शिदूला म्हणाली, "हे जरा जपून पाळण्यापाशी द्या."

शिदूनं ते बोचकं उराशी धरलं. एवढं नवसाचं पोर आपल्या हातात दिलं, म्हणून त्याला भरून आलं. चार पावलं गेल्यावर त्यानं तोंड बघायला दुपटं बाजूला केलं.

आत दगड.

हातात दिलं तेव्हा पोर होतं, चार पावलांत बदललं. जे हातात आहे ते टाकायचं नाही. वेळ घालवायचा नाही. तो मागच्या दारानं जो सुटला, तो कुत्र्यासकट थेट ठाण्यात.

"साहेब, पोर बदललं," तो रडत रडत म्हणाला. "मेव्हणीचं पहिलंच आहे हो."

मूल म्हटल्यावर सगळं ठाणं उभं राहिलं. हवालदार टोपी घालत जीपकडं निघालेसुद्धा. मग तिथल्या शिपाईबाईनं दुपटं उघडलं. तिनं वरवंटा बघितला, टोपडं बघितलं, नि तोंडाला रुमाल लावून आत निघून गेली. हवालदारांनी शिदूला पाणी पाजलं. भाऊ, मूल घरीच आहे, हा मसाला वाटायचा दगड आहे, असं परत परत सांगितलं. शिदूला खरं वाटेना. शेवटी त्यांनी त्याला जीपमध्ये बसवून घरी आणलं.

घरी दुपटं नाही, वरवंटा नाही, नि शिदू नाही. कमळा रडवेली होऊन दारात उभी. जीप बघून तिचा धीरच सुटला. पण बोचकं सुखरूप होतं. हवालदार भले माणूस, फार काही बोलले नाहीत. शालनच्या सासऱ्यांनी त्यांना घुगऱ्या खाऊन जायचा आग्रह केला. शिदूला पाळण्यात झोपलेलं खरं पोर दाखवलं. त्यानं बोटानं गाल दाबून बघितला. मऊ होता. "आपलंच आहे," तो म्हणाला नि मुसमुसत पाळण्याशेजारीच उभा राहिला. कुणाला त्याला हटवायचं मनात आलं नाही.

वरवंटा आधी पाळण्यात गेला, मग आईच्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. नाव ठेवायचा मान आत्याचा. कुसुमताई पुढं झाली. बाळाचं नाव तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. यवतमाळहून येताना ते मनात घोळवत आली होती. ती वाकली. बाळाच्या कानावरचं दुपटं तिनं हातानं बाजूला केलं.

शिदूनं बघितलं. दुपट्याला हात लावला. विमा उतरवलेल्या दुपट्याला.

तरी तो घाई करणारा नव्हता. त्यानं वाकून तिच्या हाताकडं बघितलं. बिल्ला नव्हता.

तेवढ्यात ती पोराच्या कानाशी लागली नि चारी बाजूंनी बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालू लागल्या. आत्याला तसे घालतातच. पण शिदूला ते कुठं ठाऊक? सगळ्या गावानं धरून मारलं म्हणजे शंकाच उरली नाही. त्यानं कुसुमताईला मागून गच्च मिठी घातली नि घर दणाणून सोडलं.

"चोर! चोर!"

घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन हवालदार आत धावले. शिदूचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"साहेब," तो म्हणाला, "या खेपेला पुरावा नाही आणला. चोरच आणलाय."

कमळानं डोळे मिटून घेतले. नि मग कुसुमताई हसली. आधी नाकातून, मग तोंडभर, मग पोट धरून. हसता हसता ती तिथंच खाली बसली, शिदूची मिठी अजून सुटली नव्हती म्हणून तोही बसला. "कमळा," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या आईच्या लुगड्याला एवढं जपणारं माणूस आहे गं तुझ्याकडे." कमळा तेव्हा हसलीही नि रडलीही.

पण एक झालं. कुसुमताईनं काय नाव ठेवलं ते त्या बोंबेत कुणाला ऐकू गेलं नाही. पाळण्यावर सगळ्यांनी स्पष्ट ऐकलेला पहिला शब्द 'चोर' हाच. ताईंनी मागाहून सांगितलेलं नाव कागदावर आहे, नि ते चांगलंही आहे. पण घरादारात, गल्लीत, सगळे त्या पोराला चोर म्हणूनच हाक मारतात, नि तोही ओ देतो.

हुलगेवाडीला परतल्यावर शिदू आधी गुळवणीसाहेबांकडं गेला. खिशातला वाळलेला भाकरतुकडा त्यानं टेबलावर ठेवला.

"पोराचं नाव हरवलं साहेब," तो म्हणाला. "ताई पार यवतमाळपासून घेऊन आल्या होत्या. भरपाईत दुसरं द्या."