बिनदाराचं देऊळ

या देवळाला दार का नाही, असं विचारलंत म्हणून सांगतो. फोटो नंतर काढा. आमच्या उंबरखाडीचं हे ख्रिस्ताचं देऊळ फिरंगी यायच्याही आधीचं, असं सांगतात. छप्पर गेलं, भिंती ढासळल्या. दाराच्या आतल्या अंगणातली विहीर तेवढी राहिली. या खाऱ्या जमिनीत गोड्या पाण्याची ही एकच.

त्या काळी इथे सागवानी दार होतं. गावच्या सुताराने नवस फेडायला केलेलं. त्याची मुलगी हिराय. तिची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा तिला दूध पाजून जगवली ती बायोने. बायो मिठागरावर राबणारी, बाप्तिस्मा न घेतलेली.

मग एका वर्षी पाऊस पडलाच नाही. विहीर तळाला गेली, तशी गावच्या मोठ्यांनी दाराला आतून अडसर घातला. हे पाणी बाप्तिस्म्याचं, ते आपल्याच माणसांना! मिठागरावरची माणसं दारापर्यंत येत आणि कोरड्या घशाने परत जात. आत मात्र शेजाऱ्यावर प्रेम करायचा उपदेश चालू होता म्हणे. सांगताना आजही माझं डोकं फिरतं, कारण ते आमचेच वाडवडील.

त्यातच हिरायचं लग्न निघालं. नवरीच्या न्हाणाचं पाणी आम्ही विहिरीवरून वाजतगाजत आणतो. लोकांना प्यायला पाणी नव्हतं, नवरीच्या न्हाणाला होतं. वाजंत्री दाराशी आली, तर उंबऱ्यावर बायो आडवी पडलेली.

"वलांड तिला, येळ टळते," एक म्हातारा म्हणाला.

"जिचं दूध प्याले, तिला वलांडू?"

हिरायने घरून बापाची कुऱ्हाड आणली आणि बापानेच केलेलं दार फोडलं. पहिला तांब्या तिने बायोच्या तोंडाला लावला. पाणी ओठांवरून ओघळून गेलं. बायो केव्हाच गेली होती.

हिराय त्या दिवशी न्हाली नाही. म्हणाली, "परक्याच्या घशाखाली पानी उतरल्याबिगर हितली नवरी न्हानार नाय. आन् हितं परत दार लागलं, तर हीर खारी व्हईल." पुढे फिरंग्यांनी दार बसवलं, तर पाणी खरंच खारट झालं म्हणे. त्यांनीच मग ते उतरवलं.

आजही नवरी आधी उंबऱ्यावर कुऱ्हाडीचा घाव घालते, हे बघा वण, आणि पहिला तांब्या परक्याला देते. पलीकडे गवतात तो लोखंडी दरवाजा पडलाय ना, तो इथे तिकीट लावायला आणलाय. शहाण्यांनी! बसवायला येऊ देत. कुऱ्हाड आमच्या घरीच आहे.

तुम्ही परके ना? मग हा तांब्या घ्या, आधी पाणी प्या.