मानेवरचा ग्रंथ

"मग तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?"

हा प्रश्न देटमारने वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवला होता. कोळ्यांच्या वस्तीतल्या त्या झोपडीत पाऊल टाकलं, आणि नमस्काराच्याही आधी तोच तोंडातून निघाला.

म्हातारे फोल्कविन चुलीपुढे बसून मासे भाजत होते. त्यांनी वर पाहिलं, हाताने बसायला खुणावलं.

एके काळी हे फोल्कविन बाल्टिक समुद्राकाठच्या एका तटबंदीच्या शहराचे बिशप होते. पोरक्या देटमारला त्यांनीच वाढवलं, लॅटिन शिकवलं, वेदीपाशी उभं केलं. त्यांच्यामागे हाच, असं सगळं शहर धरून चाललं होतं. आणि एका सकाळी त्यांनी बोटातली अंगठी काढून वेदीवर ठेवली, कुणाचंही नाव घेतलं नाही, आणि या वाळूत येऊन राहिले.

मग रोमने दक्षिणेकडचा कुणी बिशप धाडला. त्याला इथली थंडी सोसली नाही. खोकून खोकून वारला. त्यानंतर किल्ल्यातल्या सरदारांनी आपला माणूस आणला, तर व्यापाऱ्यांनी त्याला वेशीतूनच परतवलं. आसन पुन्हा रिकामं.

उद्या सकाळी कॅथेड्रलचे वरिष्ठ धर्मगुरू नवा बिशप निवडायला बसणार होते. निम्मे देटमारच्या बाजूचे, निम्मे नव्हते. फोल्कविननी नुसता शब्द टाकला तरी पारडं झुकणार होतं.

हे सगळं देटमारने सांगितलं. शहराचे हाल सांगितले. बिशपच नाही, तर पवित्र तेलाला आशीर्वाद कोण देणार? मरणाऱ्यांच्या कपाळाला लावायलाही तेल उरलेलं नाही. धर्मगुरू होऊ पाहणारे तरुण दीक्षेची वाट बघत बसलेत. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मासा उलटवला.

"आणि तुला काय हवंय?"

"शहराला बिशप हवाय, फादर."

"ते कळलं. तुला..."

बाहेर वारा वाळू उडवत होता.

"तुम्ही एकदा म्हणावं, की माझ्यामागे हाच," देटमार अखेर म्हणाला. "आसन मिळालं नाही तरी चालेल..."

आपल्याला इतकंच हवं होतं, हे त्याला स्वतःलाही बोलून झाल्यावर कळलं.

फोल्कविन उठले. हात पुसले. फळीवरचा शुभवर्तमानाचा ग्रंथ काढला.

"गुडघे टेक."

नव्या बिशपला दीक्षा देताना त्याच्या वाकलेल्या मानेवर हाच ग्रंथ उघडून ठेवतात, आणि मग डोक्यावर हात ठेवतात. देटमारने दाराकडे तोंड करून गुडघे टेकले, मान खाली घातली. ग्रंथ मानेवर आला. जड होता, आणि गार.

मग म्हाताऱ्याची पावलं त्याच्या शेजारून बाहेर गेली.

प्रार्थना करायला गेले असतील, देटमारला वाटलं. येतील. हात ठेवतील. तो वाट पाहू लागला. मान अवघडली, गुडघ्यांखालची जमीन टोचू लागली. डोळ्यांपुढे फक्त उंबरठा होता, आणि त्यापलीकडे हातभर वाळू.

त्या वाळूत दोन पावलं येऊन थांबली. अनवाणी, थंडीने लाल पडलेली, बाईची. ती बोलली नाही. आतही आली नाही.

देटमारने मान हलवली नाही. आता फादर येतील, त्याच्या मनात येत राहिलं. आता येतील...

पावलं बराच वेळ उभी राहिली. मग वळली. भेगाळलेल्या टाचा दिसल्या, आणि उंबरठ्यापलीकडे पुन्हा नुसती वाळू उरली.

काही वेळाने फोल्कविन सरपणाची मोळी घेऊन आले.

"कुणी आलं होतं?"

"कुणीतरी बाई... दारात उभी राहून गेली."

"तू वर नाही पाहिलंस?"

"ग्रंथ पडला असता, फादर."

म्हाताऱ्याने ग्रंथ उचलला, दुमडलेलं पान बोटाने सरळ केलं आणि फळीवर ठेवून दिला. मग चूल सारखी करता करता त्यांनी सांगितलं, की तिचं नाव आन्ने. तिचा नवरा हिवाळ्यात सील प्राण्यांची शिकार करायला बर्फावर गेला, तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. ती रोज येते. काही मागत नाही. कुणीतरी सोबत पाण्यापर्यंत यावं, एवढंच.

देटमार उठला आणि बाहेर पडला.

ती त्याला दूर किनाऱ्यावर सापडली. एका दगडावर बसून समुद्राकडे बघत होती. तिची भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती. तो शेजारी उभा राहिला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघंही पाण्याकडे पाहत राहिले. ती ज्याची वाट पाहत होती तो येणार नव्हता, आणि हे तिलाही ठाऊक होतं. देटमारचे डोळे भरून आले. ते कुणासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्याला शहरातून घेऊन आलेल्या नावाड्याने धक्क्यावरून हाक मारली. वारा फिरतोय, आत्ता निघालो नाही तर उद्या सकाळी शहर गाठणं होणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

देटमारने आन्नेकडे पाहिलं. ती अजून उठली नव्हती.

त्याने हात वर करून नावाड्याला जायला सांगितलं.

शीड चढलं. नाव वळली, लहान होत गेली. त्या नावेसोबत आपल्या हातून काय काय निघून चाललंय हे देटमारला दिसत होतं, आणि तरी त्याला नजर काढवेना. आन्ने कधी उठून घरी गेली तेही त्याच्या ध्यानात आलं नाही. शेजारी फोल्कविन येऊन उभे राहिले, तेव्हा शीड दिसेनासं झालं होतं.

"उद्या आसनावर कुणाला बसवतील?" त्याने विचारलं.

"जो तिथे असेल त्याला."

एक लाट आली, गेली...

"आणि मी, फादर?"

झोपडीत गुडघे टेकून ज्या हाताची त्याने वाट पाहिली होती, तो हात म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर ठेवला.

"तू इथे आहेस."