नाळेचं दुसरं टोक

"सूर्य मावळायच्या आत नदीपार हो!" दिवाण त्रिंबकपंतांनी धापूला फर्मावलं. "पोर मात्र इथंच राहील. ती सोनवळच्या मातीत जन्मली, म्हणजे महाराजांची रयत!"

धापू मूळची मरुदेशाची. तिच्या लाखेच्या बांगड्यांनी सोनवळच्या निम्म्या बायकांचे हात भरले होते. पण नवरा तापानं गेला आणि ती एका दिवसात परकी ठरली. तान्ह्या लेकीला छातीशी घट्ट धरून तिनं तडक दरबार गाठला.

"महाराज, मला इथली करून घ्या!"

राजा गंभीरसेनानं मिशीला पीळ दिला. "पंत, कायदा काय म्हणतो?"

"ज्याची जमीन, तो इथला!"

"मग जमीन विकत घेते," धापू म्हणाली.

"जमीन फक्त इथल्यांनाच मिळते!"

"मग इथली कशी होऊ?"

"जमीन घेऊन!" पंत स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले.

"अहो, माझा नवरा इथला होता!"

"होता ना! आता कुठं आहे?"

राजाला अडवणुकीची भारी हौस. तो म्हणाला, "बाई, एकच अट. ज्याची नाळ या मातीत पुरली, तो इथला. तुझी नाळ इथं पुरलेली दाखव आणि खुशाल राहा!"

दरबार खो-खो हसला. मरुदेशात जन्मलेल्या बाईची नाळ सोनवळात कुठून येणार?

धापूनं लेकीकडे पाहिलं. मग पदर खोचला. "चला माझ्या अंगणात! कडुलिंबाखाली पुरलीय."

"ती पोरीची!" पंत खेकसले.

"पंत, नाळेला टोकं किती?"

"दोन."

"एक पोरीच्या बेंबीला. दुसरं काय तुमच्या कचेरीला बांधलं होतं? माझ्याच पोटात होतं की! नाळ दोघींची, पुरली एकाच खड्ड्यात. मग पोर इथली आणि आई परकी कशी?"

पंत घाईघाईनं कायद्याची पोथी चाळू लागले. तेवढ्यात चिकाच्या पडद्याआडून परमुलखातून आलेल्या राणीसाहेबांचा आवाज आला, "युवराजांची नाळ वाड्यातच पुरली, ते बरं झालं बाई! नाहीतर आज मलाही गाठोडं बांधावं लागलं असतं!"

आता राजालाच हसू आवरेना. "हरलो! पंत, कडुलिंबासकट ते अंगण धापूच्या नावावर करा!"

"पण महाराज, जमीन फक्त इथल्यांनाच..."

"मी इथलीच की!" धापू म्हणाली.

"कशावरून?"

"वा! जमीन आहे ना माझी!"

राजा इतका हसला, की मुकुट सावरायला पंतांनाच धावावं लागलं.