सतूच्या वाट्याचा पाऊस

"आबा, आमचा पाऊस सतूकडं गेलाच कसा?"

भिवाप्पानं खांद्यावरची घागर टेकवली. खिंडीतला झरा आटल्यापासून दोन कोसांवरनं तो गेनूआबांसाठी पाणी आणायचा. मेंढरं कशी राखावीत, हे आबांनीच शिकवलेलं.

खिंडीच्या अलीकडं भिवाप्पाचा माळ, पलीकडं त्याच्या साडूचा, सतूचा. पूर्वी पाऊस अलीकडंच पडायचा. सतू पाहुणा आला, की भिवाप्पा हसून म्हणायचा, "आंघोळ करून घे बाबा, तुझ्याकडं कुठलं पाणी!"

आता तीन सालं झाली, सगळं उलटं.

"हवा तापलीय," आबा म्हणाले. "इथलं शोषते, तिथं नेऊन ओकते."

"तिथंच का? खिंडीतनं बघितलं मी. गुडघाभर गवत!"

"खाली उतरलास?"

"नाही... चार दिवसांमागं त्यानं सांगावा धाडला होता, लगेच ये म्हणून. हिरवळ मिरवायची असंल. नाही गेलो."

आबांनी खिंडीकडं बघितलं.

"काल सतूची बायको इथनं गेली. मेलेली कोकरं पुरायला माणसं शोधत होती."

बाई भिवाप्पाच्या बायकोची सख्खी बहीण. पण जीभ ऐकेना.

"वाईट झालं... पण गवत तर हाय ना त्याच्याकडं? माझी मेंढरं काटं चघळतात. त्याचा पाऊस मला मिळंल असं काहीतरी करा, आबा."

"घोंगडं अंगावर घे."

भिवाप्पानं हरखून घोंगडं पांघरलं. आबा घागर उचलून त्याच्या खांद्यावर ओतायला लागले.

"आबा! प्यायचं पाणी हाय!"

आबा थांबले नाहीत. घोंगडं आधी पाणी झटकत होतं, मग प्यायला लागलं. लोकर फुगली. खांदे वाकले. भिवाप्पा ओंजळीनं ओघळ धरू बघत होता; ओंजळ भरून सांडायची, पुन्हा भरायची. गार पाणी मानेतनं पाठीत उतरलं.

"आबा..."

धार चालूच.

गुडघे टेकले त्याचे. घोंगडं काढायला गेला, तर ते उचलेना.

"बास! बास की आता!"

आबांनी शेवटचा थेंबही ओतला. रिकामी घागर त्याच्यासमोर ठेवली.

"सतू पण पावसाला बासच म्हणत होता, भिवा... तीन दिवस."