निघालेलं घमेलं

"म्हणजे यात चूक होऊच शकत नाही म्हणतोस?"

"नाहीच होऊ शकत, आपा. भाषाच होऊ देत नाही."

"मग मला कशाला दाखवतोस?"

निनाद हसला. आपा थट्टा करताहेत असं त्याला वाटलं.

आपा हसल्या नाहीत...

त्यांचं नाव हमिदा मुजावर. मिरजेत लहानथोर सगळे त्यांना आपाच म्हणत. पॉलिटेक्निकात शिकवता शिकवता केस पांढरे झाले, आणि उरलेल्या वेळात जगभरातल्या लोकांनी लिहिलेले नेटवर्कचे ड्रायव्हर तपासले.

ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे बरं. कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कचं कार्ड असतं. बाहेरून येणारा माल, म्हणजे माहिती, ते आत मेमरीत उतरवतं. त्या कार्डाला काम सांगणारा जो कोड, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तपासून झाल्यावर आपांनी खाली आपलं नाव घातलं की लोक डोळे झाकून तो घेत. पण आपांचं नाव मिळणं म्हणजे उंबराचं फूल!

निनाद गुळवणी त्यांचाच विद्यार्थी. पोरगा हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यानं अख्खा ड्रायव्हर रस्ट नावाच्या नव्या भाषेत लिहिला होता. जुन्या सी भाषेत माणूस मेमरीतल्या कुठल्याही जागेत हात घालू शकतो, स्वतःची असो नाहीतर परक्याची. नवी भाषा मोठी खाष्ट. जागा कुणाची, उसनी कुणी घेतलीय, परत कधी करणार, सगळं आधी विचारते. उत्तर पटलं नाही तर कोड पुढे सरकूच देत नाही.

त्याच संध्याकाळी तो ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या खेपेत दाखल व्हायचा होता. नियमाप्रमाणे तपासणाऱ्या दोघांची नावं पुरत, ती मिळाली होती. ही खेप चुकली तर त्याची कंपनी थांबणार नव्हती. सीमधला जुना ड्रायव्हर बसवून मोकळी होणार होती, आणि निनादच्या कामाकडे पुन्हा कुणी ढुंकून बघणार नव्हतं.

पण खेप चुकतेय कशाला! गड्यानं ऑफिसात पेढेसुद्धा वाटले होते. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. आपांचं नाव हवं होतं ते फक्त मानाचा तुरा म्हणून. तेवढ्यासाठी कोल्हापुराहून मोटरसायकल हाणत आला होता.

दोघं व्हरांड्यात बसले होते. वर गच्चीवर गवंडी जुना कोबा फोडत होते, त्यामुळे बोलायचं ते मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"सगळं नव्या भाषेच्या शिस्तीत आहे?" आपांनी विचारलं.

"सगळं. एक जागा सोडून."

"एकच?"

"एकच! लोकांच्यात तीस-तीस, चाळीस-चाळीस असतात, आपा."

या जागेचं प्रकरण असं. कधीकधी थेट कार्डालाच हात लावावा लागतो. तिथे भाषा म्हणते, बाबा रे, इथलं मला काही दिसत नाही, इथे जबाबदारी तुझी. मग लिहिणाऱ्यानं 'अनसेफ' अशी खूण करायची आणि वर आपल्या शब्दांत हमी द्यायची, की हे का सुरक्षित आहे. तशी रीतच आहे त्या लोकांत.

आपांनी चष्मा लावला. बाकीच्या ओळी भराभर वर सरकवत त्या नेमक्या त्या एका जागेपाशी जाऊन थांबल्या.

निनादनं तिथे हमी लिहिली होती: इथे काही धोका नाही.

आपांनी ती वाचली. पुन्हा वाचली...

"चालू कामात ड्रायव्हर काढून घेतला तर इथे काय होतं?"

"कार्डाला थांब म्हणतो. ज्या मेमरीत ते माल उतरवतं, ती मोकळी करतो. जागा दुसऱ्याला वापरायला तयार."

"आणि कार्ड थांबतं?"

"थांब म्हटल्यावर थांबणारच की!"

आपा अंगणाकडे बघायला लागल्या.

"तुझ्या गाडीवर ऊन आलं रे. त्या कोपऱ्यात लाव, सावली आहे."

निनादच्या कपाळावर आठ्या चढल्या. इथे आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि या बाईंना गाडीच्या सीटची काळजी! पण गुरूपुढे बोलणार काय? उठला. मात्र त्या खाष्ट भाषेच्या थाटात खोडी काढल्याशिवाय राहवेना.

"कोपरा कुणाचा, आपा?"

"माझाच."

"कुणाला वापरायला दिलेला नाही ना?"

"गवंड्यांना दिलाय. फोडलेला कोबा ते वरून तिथेच टाकतात. मघाशी ट्रॅक्टर येऊन सगळा उचलून घेऊन गेला." आपांनी मान वर केली आणि हाक मारली, "रावसाहेब! थांबा हो जरा!"

"व्हय!" वरून आवाज आला. ठोकाठोक थांबली.

"झाला मोकळा," आपा त्याच दमात म्हणाल्या. "लाव."

निनादनं गाडी ढकलत कोपऱ्यात नेली, स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं आणि वळून दोन पावलं टाकली असतील नसतील...

धप्प!

घमेलंभर कोबा गाडीच्या टाकीवर येऊन आदळला. चुन्याच्या धुळीचा लोट उठला. आरसा तुटून लोंबकळायला लागला.

निनाद ओरडला तो असा, की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.

"आंधळे आहात काय रे! थांबा म्हटलं होतं ना तुम्हाला?"

कठड्यावरून टॉवेल गुंडाळलेलं एक डोकं डोकावलं. रावसाहेब गवंडी. खाली बघून तोही चरकला.

"आरं देवा... म्या थांबलो की ओ सायेब! लगीच थांबलो. पन गडी भरलं घमेलं घिऊन आधीच निघाला हुता. त्यो कुटं टाकनार?"

निनाद आणखी काहीतरी ओरडणार होता. तोंड उघडलंही त्यानं.

पण उघडं तोंड तसंच राहिलं...

तो वर बघत उभा राहिला. केसांत चुना, शर्टावर चुना. हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला, आणि आता त्याचं गाडीकडे लक्षसुद्धा नव्हतं.

त्याच्या कोडमध्येही हेच होतं. कार्डाला थांब म्हणायचं आणि त्याच दमात जागा मोकळी करायची. कार्ड थांबेलही. पण बाहेरून येऊन आत उतरायला आधीच निघालेला माल ते जुन्या पत्त्यावरच उतरवणार, आणि तोवर त्या जागेत दुसऱ्या कुणाचं काहीबाही ठेवलेलं असणार. भाषेनं विचारायचं ते सगळं विचारलं होतं. कार्डाला मात्र कुणीच विचारलं नव्हतं. आणि धोका नाही म्हणून लिहून दिलं होतं निनाद गुळवणीनं.

तो व्हरांड्यात येऊन मुकाट्यानं बसला.

"गाडीचं मनावर घेऊ नकोस," आपा म्हणाल्या. "माझा भाचा डेंटिंग करतो. टाकी होती तशी करून देईल."

"तुम्हाला माहीत होतं, आपा."

आपा ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत राहिल्या...

"असं कितीदा होईल हो?" निनादनं विचारलं. आवाज पार खाली आला होता.

"कुणास ठाऊक. क्वचित. कदाचित कधीच नाही."

"आणि झालंच तर कळेल कुणाला?"

"कुणाला कळतंय! कुठल्यातरी ऑफिसात कुणाची तरी फाइल बिघडेल. लोक म्हणतील, मशीन जुनं झालं." आपांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दोन नावं आहेत तुझ्याकडे. नियमाला तेवढी पुरतात. माझं नसलं म्हणून काही अडत नाही."

यात टोमणा नव्हता. बसची वेळ सांगावी तसं त्या म्हणाल्या. म्हणूनच ते निनादला जास्त लागलं.

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. कार्ड खरंच थांबलं का ते विचारायचं, उत्तराची वाट बघायची, उत्तर आलंच नाही तर काय करायचं ते ठरवायचं आणि मग सगळं पारखून घ्यायचं. संध्याकाळच्या आत बसणारं काम नव्हतं ते. हे काही त्याला आपांनी सांगावं लागलं नाही.

त्याला पेढे आठवले. "नाव काढलंस हां" म्हणत पाठीवर थाप मारणारे साहेब आठवले. चक्क रडू आलं त्याला, एवढा घोडा झालेला असून. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला गेला तर चुना डोळ्यांत गेला, आणि मग काय, रडायला कारणच मिळालं.

आपांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. समजूत वगैरे काही घातली नाही.

पुष्कळ वेळानं त्यानं सगळ्यांना जाणारी मेल लिहायला घेतली. दोनदा लिहून पुसली. तिसऱ्यांदा लिहिलं ते एवढंच:

माझा ड्रायव्हर या खेपेला घेऊ नये. त्यात एका ठिकाणी मी हमी दिली आहे. ती खात्री न करता दिली आहे. ज्या दोघांनी नावं दिली, त्यांनी माझ्या हमीवर विश्वास ठेवला. चूक त्यांची नाही. निनाद गुळवणी.

बटण दाबून पाठवली.

आपांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ती लगेच आली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला घेतली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. निनादचा एवढा मोठा ड्रायव्हरसुद्धा त्यांनी इतका निगुतीनं वाचला नव्हता. मग एका बोटानं टकटक करत त्यांनी उत्तर लिहिलं.

निनादचा फोन वाजला. त्याच्या मेलखाली, सगळ्यांना दिसेल असं, आलं होतं:

तपासले. हमिदा मुजावर.

निनादनं ते वाचलं. फोनकडे बघितलं, आपांकडे बघितलं. त्याला काही केल्या उलगडा होईना.

"आपा... यात कोडची एक ओळसुद्धा नाही. मग तुम्ही तपासलंत काय?"

वर पुन्हा ठोकाठोक सुरू झाली होती. आपांनी मशीन मिटवलं.

"कोड काय रे," त्या म्हणाल्या, "मशीनसुद्धा तपासतं. मी हमी देणाऱ्याला तपासलं."