जोजवी मंत्राचं माहेर

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा आगीला कान होते, विहिरीला मन होतं, आणि डोंगरापलीकडच्या एका राज्यात शेंबड्या पोरालाही दोन-चार मंत्र येत असत.

आपल्याकडे नवी सून आली की बायका आधी काय विचारतात? "माहेर कुठलं गं?" तसं त्या राज्यात मंत्राचं माहेर विचारत. ज्या घरात तो शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला, ते त्याचं माहेर. मंत्र शिकायचा तर त्या घरी जायचं, तिथली भाकरी खायची, तो शब्द कसा जन्मला ते ऐकायचं. मगच तो ओठांवर आणायचा.

आता कुलूप उघडायचा मंत्र घ्या. तो होता 'उघडगे', एका सोनाराच्या घरचा. बायकोनं रागानं दार लावून घेतलं होतं आणि तो बिचारा ओट्यावर बसून विनवत होता. बायको काही उठली नाही, पण कडी मात्र आपोआप निघाली. म्हणून तो मंत्र म्हणताना जरा ओशाळावं लागे. छाती काढून म्हटला तर कुलूप ढिम्म हलत नसे.

त्या राज्यात एक मांत्रिक होता. हुशार, उंचापुरा, बोलायला लागला की ऐकत राहावं असा. त्याच्याकडे सगळ्यात मोठा मंत्र होता, आग विझवायचा. 'जोजवी' म्हणत त्याला. राजानं त्याला दरबारात बोलावलं, अंगावर शेला घातला आणि राजमांत्रिक केलं. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "मांत्रिकबुवा, जोजवीचं माहेर कुठलं?"

मांत्रिकानं आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे रेशीम, अत्तर, मोत्यांचे तुरे. मग त्यानं आपल्या नखांकडे पाहिलं. कितीही घासली तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहिलीच होती. कारण तो होता रानात कोळसे पाडणाऱ्या एका बाईचा मुलगा, आणि जोजवीचं माहेर म्हणजे त्या बाईची झोपडी.

त्याची जीभ क्षणभर अडखळली. पण हुशार माणसाची जीभ फार वेळ अडखळत नाही.

"महाराज," तो म्हणाला, "मूळ शब्द 'ज्योतविजय'. पूर्वी एक सम्राट होऊन गेला. त्याच्या किल्ल्याला आग लागली, तेव्हा त्यानं तलवार उपसून आगीला ललकारलं, आणि आग शरण आली. पुढे लोकांच्या तोंडी झिजून झिजून त्या शब्दाचा जोजवी झाला."

"आणि तो किल्ला?"

"तो कधीच मातीला मिळाला, महाराज."

झालं. माहेरच उरलं नाही म्हटल्यावर तिथे जाऊन भाकरी कोण खाणार? दरबार खूश झाला, राजा तर फारच. राजानं मंत्राची शाळा काढून दिली. तिथे पोरं ओळीनं उभी राहत, मुठी वळत आणि ढोलाच्या तालावर ओरडत, "जोजवी! जोजवी!"

मांत्रिक सगळ्यांसमोर मंत्र करून दाखवी तेव्हा ज्योत खरंच विझे. तो वरवर ललकारी देई खरा, पण पोटात जुनीच सवय होती. मनातल्या मनात तो तो शब्द तसाच म्हणे, जसा आईच्या तोंडून ऐकला होता. पोरांचं मात्र जमत नसे. एकदा तर पोरं ओरडली आणि समईची ज्योत वीतभर वर उडाली.

"गुरुजी, ही तर वाढली," एक जण म्हणाला.

"वारा आहे," मांत्रिक म्हणाला. खिडक्या बंद होत्या.

वर्षाकाठी तो एकदा आईला भेटायला जाई, तेही आडवाटेनं. आई चूल फुंकत विचारी, "एवढ्या लेकरांना शिकवतोस म्हणे. एक पण कसं जेवायला येत नाही रे? मी आपलं पीठ दळून ठेवते."

"लांब पडतं गं त्यांना."

"तुला कुठं लांब पडलं होतं जाताना?" म्हातारी म्हणे, आणि त्याच पिठाच्या चार भाकऱ्या शिदोरीला बांधून देई. तो त्या वाटेतच खाऊन टाकी. शहरात नेत नसे.

खोट्याचं कसं असतं, शंभरदा दुसऱ्याला सांगितलं की एकशेएकाव्यांदा आपल्यालाच खरं वाटतं. हळूहळू मांत्रिकाच्या डोळ्यांसमोरून झोपडी पुसली गेली आणि तिथे तो सम्राट येऊन उभा राहिला. तलवार, किल्ला, घोडासुद्धा. आता तो मनातही ललकारीच देऊ लागला.

आणि मग सुगीचा उत्सव आला. बियाण्याच्या मोठ्या कोठाराशेजारी गावजेवणाच्या पुऱ्या तळत होते. भर दुपार, वाराही चांगलाच सुटलेला. चुलीतली एक ठिणगी उडाली आणि कोठाराच्या गवती छपरावर बसली. बघता बघता एक कड पेटली. साऱ्या राज्याचं पुढच्या वर्षीचं बी त्यात भरलेलं. ते गेलं तर पेरायचं काय आणि खायचं काय?

"मांत्रिकबुवांना बोलवा," राजा म्हणाला. त्याच्या आवाजात जराही काळजी नव्हती, इतका त्याचा भरवसा.

मांत्रिक आला, पाठोपाठ सगळी शाळा आली. त्यानं छाती काढली आणि गर्जना केली, "जोजवी!" पोरांनी मुठी वळून साथ दिली. ढोल वाजला.

आग उभी राहिली. अहो, खरोखर उभी राहिली, मारायला आलेल्यापुढे कुणी उभं राहावं तशी. ते जितके ओरडले तितकी ती चढली. कोठाराचा पहिला खण धडाडून पेटला.

मांत्रिकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मागे वळून पाहिलं, तर चार पावलांवर गर्दीत डोक्यावर कोळशाची पाटी घेतलेली त्याची आई. लोहाराकडे कोळसे घालायला आली होती. शेजारीण बरोबर होतीच, आणि शेजारणीची जीभ कुठे गप्प बसते?

"अगं बाई, तो तुझाच ना गं? आणि असा काय ओरडतोय? तो शब्द असा ओरडून म्हणतात होय?"

"हळू बोल," म्हातारी तिला म्हणाली. "मोठ्या माणसांत आहे तो. आपण नको ओळख दाखवायला."

हे मांत्रिकानं ऐकलं. आगीची धग त्याला तोवर लागली नव्हती, ती आता लागली.

खरं सांगावं तर मान जाईल, पद जाईल. न सांगावं तर साऱ्या राज्याचं बी जाईल. मग तो चालत गर्दीत गेला, आईच्या डोक्यावरची पाटी स्वतःच्या हातानं उतरवली आणि तिचा काळा हात धरून तिला राजासमोर आणलं.

"महाराज, सम्राट नव्हता. किल्लाही नव्हता," तो म्हणाला. "एक झोपडी होती. कोळशाची भट्टी फुटली आणि आग दारापर्यंत आली. आत एक बाई होती, मांडीवर तापानं फणफणलेलं पोर. बाहेर पडायला वाट नव्हती. तिनं आगीला एक शब्दही म्हटला नाही. ती पोराला जोजवत राहिली, जोजवी, जोजवी, भिऊ नको, नीज, असं म्हणत. आगीला वाटलं आपल्यालाच म्हणते आहे. ती निजली. ही ती बाई, माझी आई. आणि ते पोर मी."

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. मांत्रिक थांबला नाही. त्यानं शेला काढून बाजूला ठेवला, आगीसमोर मातीत मांडी घातली आणि मांडी हलवत हळूच म्हणू लागला, "जोजवी, जोजवी." मूठ नाही, ढोल नाही. शेजारी आईही टेकली. मग एकेक करून पोरं बसली. सगळं शहर कुजबुजल्यासारखं म्हणू लागलं, रडक्या लेकराला थोपटावं तसं.

आधी आगीची मान कलंडली. मग ती छपरावरून खाली उतरली, राखेत अंग मुडपून घेतलं आणि निजली.

एक खण जळालाच. त्या वर्षी राज्यात चार शेतं कमी पेरली गेली, आणि का कमी पेरली ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मांत्रिकानं शेला राजाच्या पायाशी ठेवला. राजा म्हणाला, "शेला इथेच राहू दे. मंत्र तूच शिकव, पण त्या झोपडीत. आणि पोरांच्या भाकरीचं पीठ तू स्वतःच्या डोक्यावर वाहून न्यायचं."

"नेईन," मांत्रिक म्हणाला, आणि पुढे जन्मभर त्यानं ते नेलं.

म्हातारीनं मात्र शाळेची रांग नजरेनं मोजली आणि शेजारणीला म्हणाली, "एवढे सगळे जेवायला येणार? मग घरी चल लवकर. चटणी वाटायला घेतली पाहिजे."

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्या घरानं आपल्याला बळ दिलं त्या घराची लाज धरली, की तेच बळ आपल्यावर उलटतं.